‘लग्नाचे आमिष’ खोडायला लावलं तेव्हा

‘समक्ष पोलीस ठाणेस हजर राहून फिर्याद देते की’ एवढं स्क्रीनवर आधीच होतं, आम्ही खुर्चीत बसायच्याही आधी. खाली नाव, वय, धंदा, पत्ता भरायला जागा आणि त्याच्या खाली कुठल्यातरी जुन्या फिर्यादीतून उचललेलं वाक्य, ‘लग्नाचे आमिष दाखवून माझे इच्छेविरुद्ध वेळोवेळी शारीरिक संबंध ठेवले’. चिमीने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

चिमी म्हणजे माझी मामेबहीण, सव्वीस वर्षांची, हे अर्थात तिचं नाव नाही. शहर, महिना, तिची नोकरी यातलं काहीच इथे खरं लिहिलेलं नाही किंवा लिहिलेलंच नाही, कारण अशा केसमधल्या बाईची ओळख उघड करणं हाच वेगळा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत कलम 72. तिने हे वाचलंय, दोन ठिकाणी काट मारलीय, आणि ‘ताई तुझं लिही ना, माझं कमी कर’ असंही सांगितलंय, तेवढं जमलं नाहीये.

तर झालं होतं असं की ती तीन महिने एका मुलाला भेटत होती, शनिवारी रात्री त्याच्या फ्लॅटवर गेली, स्वतःहून गेली, दोघांचं ठरलेलं होतं आणि तिची एकच अट होती की कंडोम हवा. मधेच तिच्या लक्षात आलं की तो काढलाय. ती म्हणाली नको, थांब. तो थांबला नाही. एवढंच आहे, यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही आणि कोणी विचारूही नये, विचारायचं होतं त्यांनी सात वेळा विचारून झालंय.

सोमवारी रात्री ती माझ्याकडे आली. मी पोळ्या करत होते, ती ओट्याला टेकून बोलत होती, आणि सगळं ऐकून माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल तर ‘पण तू गेली होतीस ना स्वतःहून?’ मी, एक्केचाळीस वर्षांची, बँकेत वीस बायकांच्या स्टाफला शहाणपण शिकवणारी. ती म्हणाली, ‘हो, गेले होते. मग?’ त्या ‘मग’चं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पोळी करपली, आणि मी माझ्या घटस्फोटाच्या वेळच्या वकीलबाईंना फोन लावला कारण दुसरं कोणी सुचेना.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, आधी दवाखाना, पोलीस नंतर, कारण गोळ्यांना बहात्तर तासांची मर्यादा असते, गर्भ राहू नये म्हणूनची आणि एचआयव्हीची दोन्ही, आणि पुरावाही दिवसागणिक कमी होत जातो. दोन, ‘ती आधी हो म्हणाली होती’ हे कोणी लपवायला सांगितलं तर ऐकायचं नाही. दुसरी गोष्ट मला तेव्हा कळलीच नाही, लपवायला कोण कशाला सांगेल?

मंगळवारी सकाळी सरकारी दवाखान्यात गेलो. मी मनात जे काय काय धरून गेले होते त्यातलं निम्मं झालं नाही. लेडी डॉक्टर होती, वयाने चिमीपेक्षा चार-पाच वर्षं मोठी असेल. तिने एक फॉर्म काढला आणि प्रत्येक गोष्टीला वेगळं विचारलं, तपासणीला हो का, नमुने घ्यायला हो का, पोलिसांना कळवलं जाईल ते माहितीये ना, आणि यातलं एखादं नको असेल तर तसं लिहून सही कर, औषधोपचार तरीही मिळणारच, पैसे लागत नाहीत. ती कुप्रसिद्ध दोन बोटांची तपासणी केली नाही, सुप्रीम कोर्टाने 2022 च्या ऑक्टोबरमध्ये स्पष्ट सांगितलंय की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. मी पडद्याच्या अलीकडे उभी होते. पलीकडून डॉक्टरचा आवाज आला, ‘मधे कधीही थांब म्हण, मी थांबेन.’ थोड्या वेळाने चिमी म्हणाली ‘थांबा’, आणि एकदम शांतता, काहीतरी ट्रेमधे ठेवल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग चिमीचं ‘हं, करा’.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘तिला लगेच कळलं.’

एचआयव्हीच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस घ्यायच्या असतात. त्या अठ्ठावीस दिवसांत तिचं चार किलो वजन उतरलं, मळमळ इतकी की फोडणीच्या वासानेसुद्धा उठून जायची, आमच्याकडे महिनाभर दहीभात.

दुपारी पोलीस ठाणं. पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे ‘फ्लॅट आमच्या हद्दीत येत नाही’. मी पाठ करून गेले होते, हद्द कुठलीही असली तरी घ्यावी लागते, झिरो एफआयआर, आता तर ते कायद्यातच लिहिलंय, नागरिक सुरक्षा संहिता कलम 173. आणि या गुन्ह्याची खबर नोंदवून घेतली नाही तर अधिकाऱ्यालाच कमीत कमी सहा महिने सक्तमजुरी आहे हे वाक्यही पर्समधे कागदावर होतं, पण ते काढावं लागलं नाही, ठाणे अंमलदाराने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि मॅडमना बोलावलं.

मॅडम म्हणजे पीएसआय, महिला अधिकाऱ्यानेच ही फिर्याद घ्यायची असते. त्यांच्याबद्दल मला वाईट लिहायचं नाहीये. दमलेल्या होत्या, डबा तसाच बंद टेबलावर, पाणी त्यांनी स्वतः आणून दिलं. सगळं ऐकून घेतलं, मधे बोलल्या नाहीत, आणि मग अगदी मोठ्या बहिणीच्या सुरात म्हणाल्या, ‘हे बघ, दोन रस्ते आहेत. एक तर लिही की पहिल्यापासून जबरदस्ती केली. नाहीतर लग्नाचं सांगून फसवलं असं लिहू. तू आधी हो म्हणाली, मग नको म्हणाली, हे असं लिहिलं तर केस उभी राहत नाही गं.’

तेव्हा मला वकीलबाईंची दुसरी गोष्ट कळली.

चिमी म्हणाली, ‘लग्नाचं बोलणंच नव्हतं आमचं. मलाच करायचं नव्हतं.’ मॅडमना ते पटेना. टाइप करणारा शिपाई पण हात थांबवून बघत होता. आणि खरं सांगू, माझा धीर सुटला होता, मला वाटलं लिहावं की, लग्नाचं आमिष तर आमिष, एकदाचं काम होऊन जाऊदे. त्या आमिषाला आता स्वतंत्र कलमच आहे, 69, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पण ते कलम मुळात बलात्कार न धरता येणाऱ्या संबंधांसाठी आहे, म्हणजे तिने ते मान्य केलं असतं तर ‘नको’ हा शब्दच फिर्यादीतून गेला असता. तिची तक्रार फसवणुकीची नव्हतीच, थांब म्हटल्यावर थांबला नाही ही होती.

मॅडम मग दुसरं बोलल्या, ‘अगं बायका नको नको म्हणतातच, त्याला काय कळणार?’ यावर हसावं का रडावं. पण खोटं तरी काय बोलल्या, आपल्याकडे पंगतीत नको म्हणालं की वाढपी एक जिलबी जास्त टाकतो, पानावर आडवा हात धरला तरी बोटांमधून वाढतो आणि त्याला आग्रह म्हणतात आणि त्याचं कौतुक असतं. नको हा शब्द आपण लहानपणापासून ‘अजून थोडा जोर लाव’ असा ऐकलेला आहे. फक्त कायद्यात आग्रहाला जागा नाहीये. कलम 63 मधे संमतीची व्याख्या आहे, ती मी नंतर इतक्यांदा वाचली की पाठ झाली, साध्या भाषेत असं की संमती म्हणजे त्या बाईने शब्दाने, हावभावाने किंवा कशानेही, त्या विशिष्ट कृतीसाठी स्वेच्छेने, निःसंदिग्धपणे दाखवलेली तयारी, आणि तिने झटापट केली नाही एवढ्यावरून ती तयार होती असं धरायचं नाही. हे 2013 च्या दुरुस्तीने आलं आणि नव्या संहितेत तसंच्या तसं उचललं गेलं. ‘संमती मागे घेणे’ असे शब्द त्यात कुठे नाहीत, मी शोधले. वकीलबाई म्हणाल्या, शब्द कशाला हवेत, ‘त्या विशिष्ट कृतीसाठी’ म्हटलंय ना, म्हणजे कंडोमसकटची तयारी ही कंडोमशिवायची तयारी नाही असाच आपला मुद्दा, आणि थांब म्हटल्यावर तर तयारी संपलीच. इंग्लंडच्या 2003 च्या कायद्यात ही क्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू असलेली एकच कृती आहे असं थेट लिहून टाकलंय, म्हणजे मधला नकारही नकारच. आणि अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधे 1979 च्या एका निकालामुळे एकदा हो म्हटलं की मधे मागे घेताच येत नव्हतं, ते 2019 साली कायदा करून बदललं. चाळीस वर्षं! माझी एक शाळेतली मैत्रीण तिकडे कॅरीला असते, तिला फोन केला तर तिला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

असो. तर त्या दिवशी संध्याकाळी सव्वासातपर्यंत एका वाक्यावर आमची घासाघीस चालली. चिमी ऐकेना. शेवटी मॅडम म्हणाल्या ‘बरं बाई, तुझं तू सांग, तसं टाइप करतो’. आणि तिने सांगितलं, पोलिसी मराठीत ते असं उतरलं : ‘सुरुवातीस माझी संमती होती, परंतु नंतर मी त्यास नको, थांब असे स्पष्ट सांगितले असतानाही त्याने माझे संमतीशिवाय व इच्छेविरुद्ध...’ लग्नाच्या आमिषाची ओळ शिपायाने बॅकस्पेस दाबून एकेक अक्षर मागे नेत पुसली, सिलेक्ट करून पुसता येतं हे त्याला माहीत नसावं, त्यामुळे ते फार सावकाश झालं. ‘फिर्याद वाचून पाहिली, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’, खाली सही, एक कॉपी फुकट, कलम 64, म्हणजे बलात्काराचं, कमीत कमी दहा वर्षं. सही करताना मॅडम म्हणाल्याच, ‘दहा वर्षांचं आहे हां, पोराचं आयुष्य जातं’. चिमी म्हणाली, ‘मला माहितीये.’

पुढचं भरभर सांगते. पंचनाम्याला तिला त्या फ्लॅटवर न्यावं लागलं, कुठे काय ते दाखवायला, आता मोबाईलवर शूटिंग करतात त्याचं. कपडे जप्त, मोबाईल जप्त, तो परत मिळवायला कोर्टात अर्ज. मॅजिस्ट्रेटसमोर जबाब, त्याचं कलम आता 183 झालंय पण पोलिसांपासून कारकुनापर्यंत सगळे अजून ‘एकशेचौसष्टचा जबाब’च म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो. त्या खोलीत पोलीस नसतात, बाई मॅजिस्ट्रेट होत्या, त्यांनी विचारलं कोणाच्या दबावाखाली तर नाही ना, आणि तिने तेच वाक्य चौथ्यांदा सांगितलं. तोवर तिला ते इतकं गुळगुळीत झालं होतं की ‘ताई, खरं असून पाठ केल्यासारखं वाटतंय गं’ म्हणाली.

मामांबद्दल लिहायलाच हवं. मामींनी कळल्यावर दोन दिवस देवाजवळ दिवा लावला नाही, मग लावला, आणि पुढे विषय काढला नाही. मामा एक अक्षर बोलले नाहीत, पण प्रत्येक तारखेला त्यांची जुनी वॅगनआर सकाळी नऊला माझ्या दारात. कोर्टात आत यायचे नाहीत, गाडीतच पेपर वाचत बसायचे, सगळा पेपर, टेंडर नोटिसांसकट.

एका रात्री मी कलम 63 पूर्ण वाचायला बसले, व्याख्येच्या पुढेही. शेवटी दोन अपवाद आहेत. दुसरा असा की पुरुषाने स्वतःच्या पत्नीशी, ती अठरा वर्षांखालची नसेल तर, केलेला संभोग हा बलात्कार नाही. मी ते वाचलं, लॅपटॉप बंद केला, गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढले, घड्या घातल्या, परत उघडून वाचलं. म्हणजे जी व्याख्या मी महिनाभर पाठ करत होते, शब्दाने हावभावाने निःसंदिग्ध वगैरे, ती माझ्या लग्नाच्या अकरा वर्षांत मला कधी लागूच नव्हती. चिमीच्या मधल्या ‘नको’ला कायद्यात किंमत आहे आणि माझ्या पहिल्यापासूनच्या ‘नको’ला नव्हती. 2013 च्या दुरुस्तीच्या आधी, निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने हा अपवाद काढा सांगितलं होतं, काढला नाही. 2022 च्या मे महिन्यात दिल्ली हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींची यावर दोन वेगळी मतं पडली. नवी संहिता आली, कलमांचे नंबर बदलले, अपवाद राहिला. माझ्या घटस्फोटाच्या अर्जात हे सगळं ‘क्रूरता’ या एका शब्दात बसवलं होतं, आणि तेव्हा वकीलबाईंनी विचारलंही होतं, याहून काही आहे का, तर मी नाही म्हणाले होते. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ धरलाय हे त्यांनी सांगितलं असेलही, मी ऐकलं नसेल. मला तेव्हा वाटायचं की लग्नाला हो म्हणताना सगळ्यालाच हो म्हणून झालंय.

चिमीला यातलं काही सांगितलं नव्हतं. हे वाचतानाच तिला कळलं.

वाचायची चटक लागली ती लागलीच. मथुरा केस नावाने माहीत होती, सविस्तर तेव्हा वाचली. 1972 च्या मार्चमधे देसाईगंजच्या पोलीस चौकीत, तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, मथुरा नावाच्या एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं की मुकाट्याने सोसणं म्हणजे संमती नाही, पण 1978 ला सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही म्हणून. पुढच्या वर्षी चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यात आपल्या वसुधा धागमवारही होत्या, आणि त्यातून 1983 ची दुरुस्ती आली, की पोलीस कोठडीसारख्या काही प्रकरणांत बाई संमती नव्हती म्हणाली तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं. चिमीच्या केसला ते गृहीतक लागू नाही, ओळखीचा मुलगा, त्याचा फ्लॅट, इथे सगळं सरकारी वकिलांनीच सिद्ध करायचं. 2025 च्या मे महिन्यात त्याच नागपूर खंडपीठाने चंद्रपूरकडच्याच एका केसमधे सांगितलं, बाईचं नाही म्हणजे नाही, आणि एकदा एका माणसाला हो म्हटलं म्हणून दर वेळी हो नसतं. वकीलबाईंनी ती बातमी रात्री साडेअकराला पाठवली होती, खाली तीन नमस्काराचे हात.

चिमीच्या केसमधल्या त्या मुलाला जामीन मिळाला. अर्जात ‘प्रेमसंबंध होते, सर्व परस्परसंमतीने’ असं होतं आणि सोबत चॅटची पानं, भेटायचं ठरवल्याची, शनिवारचा हार्टवाला मेसेज. समजा मॅडमचं ऐकून ‘पहिल्यापासून जबरदस्ती’ लिहिलं असतं तर त्या एका पानावर फिर्याद खोटी ठरली असती. आता ते पान फिर्यादीच्या पहिल्या अर्ध्या वाक्याशी जुळतच होतं. मॅडम दोषारोपपत्राच्या वेळी स्वतःहून म्हणाल्या, ‘बरं झालं तू हट्ट केला’. दोषारोपपत्र दोन महिन्यांत आलं, नियमाप्रमाणे. खटलाही त्यानंतर दोन महिन्यांत संपवावा असं कायदा म्हणतो, तर ते असो.

गेल्या महिन्यात तिची साक्ष झाली. इन कॅमेरा, दार बंद, आणि मी स्वतः साक्षीदार असल्यामुळे बाहेर बाकड्यावर, त्यामुळे पुढचं तिच्याकडून ऐकलेलं, रसवंतीत, तिने दोन ग्लास सलग संपवल्यावर.

उलटतपासणी दीड दिवस. त्याच्या वकिलांनी फिर्यादीतलं ‘सुरुवातीस माझी संमती होती’ एवढंच तीनदा वाचलं, दर वेळी तिथेच थांबून. मग ‘नको’ आधी की ‘थांब’ आधी, किती वेळाने, घड्याळ बघितलं होतं का, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने का नाही. आधी कोणाकोणाशी संबंध होते असा एक प्रश्न सुरू झाला तो न्यायाधीशांनीच अर्ध्यात कापला, संमतीच्या मुद्द्यावर ते विचारता येत नाही. त्या शनिवारनंतरच्या सकाळचा त्याचा मेसेज होता, ‘सॉरी, काल जरा जास्तच झालं’ आणि हिचं उत्तर ‘ठीके’. त्या ‘ठीके’वर अर्धा तास. तिने सांगितलं, ‘मी बॉसलाही दिवसातून दहा वेळा ठीके लिहिते, मला पटलंय असा त्याचा अर्थ नसतो.’ स्टेनो हसली म्हणे.

शेवटी साक्ष वाचून दाखवतात आणि मग सही घेतात. न्यायाधीश सांगतात आणि स्टेनो टाइप करते, त्यामुळे वाक्यं जरा आखूड होतात. एका ठिकाणी आलं, ‘मी संमती दिली होती हे खरे आहे.’ चिमीने हात वर केला, शाळेत करतात तसा.

‘सर, आधी राहिलंय.’

‘काय राहिलंय?’

‘आधी हा शब्द. मी आधी संमती दिली होती, असं म्हणाले होते.’

त्याचे वकील उठले, म्हणाले अर्थ तोच आहे. न्यायाधीशांनी त्यांच्याकडे बघितलं, मग स्टेनोला म्हणाले, घाला. तिने घातला, परत वाचला, चिमीने सही केली.

पुढची तारीख माझ्या साक्षीची आहे, एकोणीसला. मामांना सांगून ठेवलंय, नऊला निघायचं.